उडीचा पोल पडायलाच हवा

इंदूरजवळच्या राऊच्या पुढे शेत असलेल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. घरी दोन जनावरं, एक काठियावाडी घोडी आणि एक सहा वर्षांचा मारवाडी घोडा. मुलगी तेरा वर्षांची, रपेट चांगली करते, आता तिला उड्या शिकायच्या आहेत. ॲल्युमिनियमच्या तयार अडथळ्यांचा भाव ऐकून त्यांनी तो विचार सोडला. शेतीचे चार इंची पीव्हीसी पाइप आणून ठेवलेत आणि लोखंडी अँगलचे स्टँड वेल्डरकडून करून घ्यायचा बेत आहे. हे चालेल का, आणि चालणार नसेल तर कमी खर्चात काय करावं?

थेट सांगते. पाइप परत होत असतील तर परत करा. अँगलचे स्टँड करू नका. बाकी जवळजवळ सगळं घरी होतं आणि चांगलं होतं. मी इंदुरात बावीस वर्षं मुलांना घोड्यावर बसवते आहे, आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं आमच्याकडे विकतचा एकही अडथळा नव्हता.

अडथळा करायला घेताना सगळे विचार करतात तो घोडा वरून जाण्याचा. माझं म्हणणं, विचार उलट्या बाजूने करा: घोडा चुकेल तेव्हा काय होईल? चुकणार तो नक्कीच. शिकणारी मुलगी उडीच्या आधी तोल पुढे टाकेल, लगाम ओढेल, घोड्याचं पाऊल बसणार नाही आणि त्याच्या पायाची नळी अडथळ्याच्या आडव्या पोलवर आदळेल. त्या क्षणी पोल सुटून खाली पडला पाहिजे. पडून तुटता कामा नये. तुटलाच, तर त्याला धार येता कामा नये. आणि कुठेही खूर, नाल किंवा रिकिबीतलं पाऊल अडकेल अशी फट राहता कामा नये. मला शिकवलं ते महूचे घोडदळातले एक निवृत्त दफेदार. ते नवा अडथळा मांडला की आधी स्वतः जाऊन पोलला गुडघ्याने धक्का द्यायचे. गुडघ्याच्या धक्क्याने पडला नाही, तर त्यावरून घोडा नेऊ द्यायचे नाहीत. ती सवय मी आजही सोडलेली नाही.

आता पीव्हीसीबद्दल. बारा-तेरा वर्षांपूर्वीचा जानेवारी होता. आम्हीही शेतीचेच पाइप वापरत होतो, दोन उन्हाळे बाहेर पडलेले, वरून पिवळा रंग मारलेला. सकाळी सातची वेळ, माळव्यातली ती कोरडी थंडी. चांदणी नावाची घोडी, दोन फुटांची साधी उडी. मागचा पाय पाइपवर पडला आणि पाटी फुटावी तसा आवाज आला. पाइप मधोमध फुटला होता आणि त्याचा वीतभर लांबीचा, सुरीसारखा निमुळता तुकडा तिच्या खुराच्या वर, सांध्याजवळ घुसला होता. सात टाके पडले, दोन महिने ती बांधून होती. पाइप मीच आणले होते. पीव्हीसी उन्हाने कडक होतो आणि थंडीत ठिसूळ. आपल्याकडे दोन्ही भरपूर. शिवाय दहा फुटांचा हलका पाइप जेमतेम साडेतीन-चार किलोचा असतो. वाऱ्यानेही खाली येतो. दोन-चार वेळा धडकून काहीच लागत नाही म्हटल्यावर घोडा पाय उचलायचा कंटाळा करतो, आणि अशा घोड्यावर मुलीला उडी शिकवणं अवघड होऊन बसतं. परत होत नसतील तर पाण्याच्या हौदाला लावा, मैदानात नको.

बांबूही नको. स्वस्त आहे, हाताशी आहे, पण तुटताना उभा फाटतो आणि त्याची कामटी पीव्हीसीइतकीच वाईट.

पोलसाठी सरळ उपाय म्हणजे निलगिरीची नाहीतर सुरूची बल्ली. बांधकामाच्या सेंट्रिंगला टेकू म्हणून लावतात तीच. लाकडाच्या वखारीत, आपल्या इंदुरी भाषेत पीठ्यावर, ती मिळते. निवडताना एका टोकाला डोळा लावून बघा, वाक दिसला की बाजूला ठेवा. जाडी साडेतीन ते चार इंच, आणि दोन्ही टोकांत फार फरक नको. स्पर्धेतले पोल बारा फुटांच्या आसपास असतात, पण घरी दहा फूट पुरेत. उचलायला सोपे जातात, आणि अरुंद अडथळ्यावर घोडा मधोमध ठेवायची सवय मुलीला लवकर लागते. दहा फुटांची साडेतीन इंची वाळलेली बल्ली साधारण तेरा-चौदा किलो भरते. हे वजन बरोबर आहे. लागलं की घोड्याला कळतं, आणि धक्क्याने पडतेही.

साल काढून बल्ली सावलीत दोन महिने वाळू द्या. उन्हात टाकली तर पिळवटते आणि भेगा पडतात. मग गाठी रंध्याने सपाट करा, टोकांच्या कडा गोल करा, पॉलिश पेपर मारा आणि शेवटी जुन्या पायमोज्यात हात घालून पूर्ण लांबीवर फिरवा. मोजा जिथे अडकेल तिथे कूस, म्हणजे लाकडाचं कुसळ, आहे. ही कूस घोड्याच्या नळीत शिरली की वरून काही दिसत नाही आणि चौथ्या दिवशी पाय सुजलेला असतो. म्हणून ह्या कामात घाई नको. आमच्याकडे मुलंच हे काम करतात, एका रविवारी तीन पोल होतात.

तुमच्या शेतात स्प्रिंकलर असेल तर आणखी एक गोष्ट हाताशी आहे, ती म्हणजे त्याचे जुने काळे एचडीपीई पाइप. हे वाकतात, फुटत नाहीत. वीस फुटी पाइपचे दोन तुकडे करा, लोखंडी क्लॅम्प कापून टाका, आत कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडं लाकडी बुचाने बंद करा आणि बुचाला आडवा स्क्रू मारा. तीन इंची पाइप असा भरला की सतरा-अठरा किलोचा होतो. मात्र हा जमिनीवर ठेवायलाच वापरायचा, स्टँडवर चढवायचा नाही. आणि वाळू अर्धवट भरू नका, नाहीतर उचलताना सगळी एका टोकाला येते आणि पाइप हातातून निसटतो.

जमिनीवरच्या पोलांचा एक धोका लोकांच्या लक्षात येत नाही. गोल पोलवर खूर पडला की पोल घरंगळतो आणि त्याबरोबर पायही. म्हणून दोन्ही टोकांना ठोकळे हवेत. इटालियन घोडदळातून आलेला कॅव्हलेटी (सरावाचा बुटका पोल) हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्याचा मूळ अर्थ छोटा घोडा, आणि सुताराच्या तिवईलाही तिकडे हाच शब्द. मला याची गंमत वाटते, कारण आपणही तिवईला घोडीच म्हणतो. जुन्या कॅव्हलेटीला दोन्ही टोकांना फुलीच्या आकाराचे पाय असत आणि पोल त्यांना पक्का बोल्ट केलेला असे. तसे करू नका. पोल सुटत नाही, धडक बसली की अख्खी चौकट घोड्याच्या पायांत लोळत येते, आणि एकावर एक रचून उंची वाढवली तर त्याहून वाईट. त्याऐवजी पॅकिंगच्या चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, फळ्यांचे ठोकळे करा. सांवेर रोडच्या कारखान्यांतून निघालेल्या पेट्यांच्या फळ्या भंगारवाल्यांकडे मिळतात. दोन-तीन फळ्या एकावर एक बसवून फूटभर लांब, आठ इंच रुंद आणि चार इंच जाड ठोकळा होतो. एका बाजूला उथळ खाच, दुसऱ्या बाजूला खोल, अशा खाचा घातल्या की ठोकळा फिरवून तोच पोल वेगवेगळ्या उंच्यांवर ठेवता येतो. पोल नुसता खाचेत बसतो. लाथ बसली की निघतो. पेटीतले खिळे मात्र एकूण एक उपटा. ठोकून वाकवलेला खिळा पुढच्या पावसाळ्यात वर येतो. चार पोल आणि आठ ठोकळे झाले की तुमच्या मुलीच्या पहिल्या सहा आठवड्यांच्या कामाची सोय झाली. स्टँड मागाहून केलेत तरी चालेल.

आता स्टँड. लोखंडी अँगलला नको म्हणते, कारण त्याची उघडी कड पात्यासारखी असते. घोडा बाजूला सटकला किंवा मूल त्याच्यावर पडलं, तर काय होईल याची कल्पना करा. वेल्डिंगच करायचं असेल तर चौकोनी बंद पाइप घ्या, वरचं तोंड टोपी घालून बंद करा, सगळ्या कडा ग्राइंडरने मारा. पण मला लाकडी स्टँड जास्त पसंत आहे, आणि तुमच्या गावचा सुतार तो दिवसात दोन करेल. तीन इंच चौरस खांब, चार फूट उंच. पायाला चार पट्ट्या, प्रत्येक वीस इंचांची, खांबाच्या चार बाजूंना फिरकीच्या पात्यांसारख्या लावायच्या, म्हणजे प्रत्येक पट्टीचं एक टोक खांबाच्या कडेशी आणि दुसरं बाहेर. ह्या रचनेत खाचा पाडाव्या लागत नाहीत आणि उंचसखल जमिनीवरही स्टँड उभा राहतो. पट्ट्यांना खिळे नकोत, बोल्ट आणि वायसर लावा, बोल्टची डोकी लाकडात बुडवा. पट्ट्यांची बाहेरची टोकं तिरपी कापा. बाभूळ मिळाली तर पट्ट्यांना उत्तम, जड असते, खांब सहज लवंडत नाही. पण खांबाला सरळ बाभूळ मिळणं नशिबाचं.

एक गोष्ट कळकळीने सांगते: खांब जमिनीत पुरू नका. शेतकऱ्याच्या घरात हा विचार पहिला येतो, कारण कुंपण तसंच करतो आपण. घोडा खांबावर गेला तर खांब आडवा झाला पाहिजे.

सगळ्यात नाजूक भाग कप. पोल ज्यात टेकतो ती वाटी. तिच्या खोलीवर सगळं अवलंबून आहे. एफईआय, म्हणजे घोडेस्वारीची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या नियमात गोल पोलच्या कपाची खोली कमीत कमी 18 आणि जास्तीत जास्त 30 मिलीमीटर ठेवली आहे, पोल कपात फिरू शकला पाहिजे म्हणून. घरच्यासाठी 20 मिलीमीटर धरा. लोहामंडीत कुठल्याही वेल्डरकडे पाच इंची लोखंडी पाइपचा तुकडा मिळतो. त्याची अडीच इंच लांब चकती कापायला सांगा आणि तिच्यातून नऊ सेंटिमीटर रुंदीचा कमानीचा भाग काढायला सांगा. साधारण दोन सेंटिमीटर खोल वाटी मिळते. चार इंची पाइप नका घेऊ, त्यात चार इंची पोल घट्ट बसून अडकतो. ही वाटी खांबाला सैल बसेल अशा यू आकाराच्या पट्टीवर, आतल्या बाजूला, म्हणजे समोरच्या स्टँडकडे तोंड करून वेल्ड करायची. पट्टीला आणि खांबाला आरपार भोक, त्यात बारा मिलीमीटरची पिन, आणि पिन सुतळीने पट्टीलाच बांधलेली, नाहीतर रोज एक पिन गवतात हरवते. खांबाला भोकं एक फुटापासून वर दर तीन इंचांवर पाडा. दोन्ही खांब एकत्र बांधून एकदमच ड्रिल करा, म्हणजे दोन्हीकडची उंची जुळते.

मग दोन नियम, जे मी मुलांकडून रोज म्हणवून घेते. पोलच्या दोन्ही टोकांना खांबापासून बोटभर जागा सोडायची. पोल दोन खांबांमध्ये चेपून बसला तर कप कितीही उथळ असो, तो पडत नाही. आणि ज्या कपात पोल नाही तो कप स्टँडवर ठेवायचा नाही, लगेच काढून बादलीत टाकायचा. बाहेर आलेला रिकामा लोखंडी कप पडणाऱ्या माणसाच्या बरगडीच्या उंचीवर असतो.

रुंद उडी, म्हणजे मागेपुढे दोन पोल असलेली, ती घरच्या सामानावर करू नका. मागच्या पोलवर घोडा वरून खाली येतो, तेव्हा पोलवर भार वरून पडतो आणि साध्या कपातून तो सुटत नाही. म्हणूनच स्पर्धेत मागच्या पोलला भार पडताच खाली येणारे सेफ्टी कप सक्तीचे आहेत. ती वेळ येईल तेव्हा मागच्या पोलपुरती एक जोडी विकत घ्या. सगळ्या सामानात पैसा खर्च करावा अशी हीच एक जागा आहे.

पोलखाली भरायला काय ठेवायचं, ह्यात मात्र हात मोकळा सोडा. घोडा भरीव दिसणाऱ्या अडथळ्याला जास्त मान देतो आणि उडीत पाठीची गोलाई छान करतो. हवेत लटकलेली एकटी काडी त्याला नीट मोजता येत नाही. कारखान्यातले निळे प्लास्टिकचे दोनशे लिटरचे ड्रम आडवे टाका, दोन्हीकडून लाकडी पाचर, म्हणजे लोळणार नाहीत. आडवा ड्रम जवळपास दोन फूट उंच होतो, त्यामुळे तो नंतरचा. सुरुवातीला पन्नास लिटरचे कॅन बरे. रसायनाचे ड्रम घेऊ नका, खाद्यतेलाचे घ्या. घोडा ते चाटतो. पत्र्याचे ड्रम तर अजिबात नकोत. दुधाच्या जाळीच्या क्रेट लोक वापरतात, पण तिच्या भोकात नालेचं टोक अडकतं. टायर ठेवायचे तर तळाला भोकं पाडून ठेवा, पावसाळ्यात त्यात पाणी साचून डेंगीचे डास होतात. दुकानाचं जुनं फ्लेक्स लाकडी चौकटीवर ताणून लावलं तर सुंदर भिंत होते. ताण मात्र ढोलासारखा हवा, कोपरा फडफडला की तुमचा मारवाडी घोडा राऊहून थेट पीथमपूरला पोचेल.

रंगाबद्दल एक चूक मी स्वतः बरीच वर्षं केली: लाल-पांढरे पट्टे. दिसतात छान, पण आपल्या डोळ्याला. घोड्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. त्याला निळा आणि पिवळा नीट वेगळे दिसतात, लाल आणि हिरवा मात्र एकमेकांत मिसळतात. हिरव्या गवतावरचा लाल पोल त्याला मळकट पट्ट्यासारखा. ब्रिटनमध्ये हर्डल शर्यतींच्या अडथळ्यांना वर्षानुवर्षं नारिंगी रंग होता. एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तो बदलून पांढरा करायला घेतला, तो ह्याच कारणाने. आपल्या काळ्या मातीवर पांढरा-पिवळा किंवा पांढरा-निळा घ्या, दोन-दोन फुटांचे पट्टे, आणि मध्यभागी एक पट्टा वेगळा, म्हणजे मुलीला नजर कुठे ठेवायची ते कळेल. साधा ऑइल पेंट चालतो. चुना पहिल्या पावसात जातो.

आणखी एक पोल अडथळ्याच्या पुढे, पाऊण-एक फुटावर, जमिनीवर टाका. ही तळरेषा. घोडा उडी कुठून घ्यायची हे तिच्यावरून ठरवतो. हा पोल चुकून अडथळ्याच्या मागच्या बाजूला गेला तर घोडा फसतो आणि फार जवळ येऊन उडतो. म्हणून ज्या अडथळ्याला तळरेषा एकाच बाजूला आहे त्यावरून उलट्या दिशेने कधी जायचं नाही.

अडथळ्यापेक्षा मला तुमच्या जमिनीची काळजी जास्त वाटते. राऊकडची काळी माती पावसाळ्यात साबणासारखी, आणि मार्चपासून दगडासारखी, वर भेगा. दोन्ही वेळी उडी नको. कोपऱ्यातली वीस मीटर बाय चाळीस मीटर जागा धरा, पाणी निघून जाईल असा उतार द्या, खाली मुरूम दाबून वर तीन-चार इंच वाळू. एवढं जमत नसेल तर हिवाळ्यात जमिनीला आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि सकाळी वखर फिरवा. तेवढ्यावर जमिनीवरचे पोल आणि फूटभर उंचीची फुली, म्हणजे दोन पोल एकमेकांवर तिरपे टाकून केलेली उडी, आरामात होते. त्याच्या वर जमीन सुधारल्याशिवाय जाऊ नका. घोड्याचे पुढचे पाय एकदा गेले की परत येत नाहीत.

सामान पावसाळ्यात विटांवर रचून ठेवा, जमिनीवर नाही. वाळवी बल्लीला आतून खाते, वरून रंग तसाच चमकत राहतो. गाडीचं जळकं ऑइल स्टँडच्या पायांना फासायचा सल्ला कोणी देईल, पण घोडे लाकूड कुरतडतात आणि ते त्यांना विष आहे. दर दसऱ्याला आम्ही शस्त्रपूजेच्या दिवशी सगळे पोल बाहेर काढतो आणि हातोडीने ठोकून बघतो. बद्द आवाज आला तो पोल चुलीत जातो.

हांगझोऊच्या एशियाडमध्ये 2023 साली आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हजेला ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या, सुवर्णपदक विजेत्या संघात होत्या. तेव्हापासून माझ्याकडे येणारी अर्धी मुलं त्यांचं नाव घेऊन येतात, आणि पहिल्याच दिवशी उडी मागतात. त्यांनाही मी जमिनीवरच्या पोलांवरूनच सुरू करते. दुडकीत चार पोल ओलांडताना घोडा पाठ सैल सोडतो, पाय मोजून टाकतो, आणि मूल हाताला न लटकता तोल सांभाळायला शिकतं. ड्रेसाज असो की उडी, पाया हाच. सहा आठवडे एवढंच, आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटं. मग फुली, मध्ये एक फूट. साठ सेंटिमीटरच्या वर जायचं ते कोणीतरी जाणकार मैदानात उभा असताना. एकटीने कधीच नाही, आणि हनुवटीचा पट्टा लावलेलं स्वारीचं हेल्मेट पहिल्या दिवसापासून. मोटारसायकलचं नाही.

राहिलं अंतर. परदेशी कोष्टकांत दुडकीच्या पोलांमध्ये सव्वाचार ते साडेचार फूट दिलेलं असतं, ते त्यांच्या सोळा हातांच्या घोड्यांसाठी (घोड्याच्या उंचीत एक हात म्हणजे चार इंच). तुमची काठियावाडी घोडी चौदा हातांच्या आसपास असेल, तिला ते लांब पडेल आणि ती उगाच उड्या घेत जाईल. तिच्यासाठी पावणेचार फुटांपासून सुरू करा, मारवाड्यासाठी चार. पण त्याहून चांगलं म्हणजे तिलाच विचारा. संध्याकाळी वाळू सारखी करा, तिला सरळ रेषेत एकसारख्या दुडकीत न्या आणि मग खाली वाकून ठसे बघा. एका बाजूच्या मागच्या खुराच्या ठशापासून दुसऱ्या बाजूच्या मागच्या खुराच्या ठशापर्यंत टेप लावा, पाच-सहा ठिकाणी. जे सरासरी येईल तेच तुमच्या पोलांमधलं अंतर. दोन्ही घोड्यांचे आकडे मला कळवा. मारवाडी घोड्याचं पाऊल घोडीपेक्षा अर्ध्या फुटाने जास्त निघालं तर दोघांसाठी पोल वेगवेगळे मांडावे लागतील, आणि ते कसे, हे मी तुम्हाला त्या आकड्यांवरूनच नेमकं सांगू शकेन.